ओव्हरड्राइव्ह पेडल ढोलकीशेजारी बसवून तपासायचं

तू विचारलंयस, "दादा, आमचा कणकवलीकडचा ऑर्केस्ट्रा आहे, एका रात्रीत लावणी, कोळीगीतं, हिंदी, मध्येच एखादं रॉक, गणपतीत भजनं, सगळंच वाजवावं लागतं. पैसे एकाच ओव्हरड्राइव्हपुरते, म्हणजे गिटारचा आवाज फाडणाऱ्या एकाच पेडलपुरते आहेत. ते सगळ्या स्टाइलला चालेल का हे घ्यायच्या आधी कसं कळणार?"

मी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वीसेक वर्षं स्टेजवर गिटार वाजवतोय, जत्रा, गणपती, लग्नं, चर्चची फेस्तं सगळं केलंय, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. पेडल किती भारी फाटतं ते नंतर बघ, आधी हात हलका केल्यावर ते किती मागे येतं ते बघ. ज्या पेडलला तुझा हात कळतो ते एकटं पाच स्टाइल ओढून नेतं, आणि ज्याला कळत नाही त्याच्याकडे एकच आवाज असतो, तो कितीही सुंदर असला तरी चार तासांच्या प्रोग्रॅममध्ये दोन गाण्यांपुरताच.

हे मला पैसे घालवून कळलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईत एका दुकानात एक पेडल ट्राय केलं, दुकानातली गिटार हंबकरवाली, म्हणजे जाड आवाजाच्या पिकअपची, अँप मोठा ट्यूबचा, मी दोन रॉकचे रिफ मारले, अंगावर काटा आला, पैसे देऊन निघालो. शनिवारी कुडाळजवळ प्रोग्रॅम. माझी गिटार सिंगल कॉइलवाली, म्हणजे पातळ आवाजाच्या पिकअपची, अँप नाही, केबल थेट मिक्सरला, आणि पहिल्याच गाण्यात पेडल दाबलं तर टॉपमधून, म्हणजे स्टेजवरच्या मोठ्या स्पीकरमधून, पत्र्यावर सर आल्यासारखा नुसता कोरडा चरचराट. गायिकेने गाता गाता मागे वळून बघितलं. मी लगेच बंद केलं आणि ती रात्र क्लीनवरच काढली. पेडलमध्ये काही खोट नव्हती, मी ते माझ्या गिटारवर, माझ्या मिक्सरवर आणि माझ्या गाण्यांवर तपासलंच नव्हतं.

त्यामुळे पहिली अट ही, की टेस्ट तुझ्या स्वतःच्या सेटअपवर. आपल्याकडे दुकानात जाऊन ट्राय करायचं म्हणजे कोल्हापूर, पणजी नाहीतर मुंबई गाठायची, तर जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा, ओझं वाटलं तरी. ऑनलाइन मागवणार असशील तर परत करायचे किती दिवस आहेत ते आधी वाच आणि त्या दिवसांत ऑर्केस्ट्राची निदान एक प्रॅक्टिस येईल असं बघून ऑर्डर दे.

आता आत काय चालतं ते थोडं समजून घे, म्हणजे पुढच्या टेस्ट कशासाठी ते कळेल. बहुतेक ओव्हरड्राइव्हमध्ये एक चिप गिटारचा सिग्नल वाढवते आणि तिथेच दोन-तीन डायोड बसवलेले असतात, साधा सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला उघडतो, म्हणजे सिग्नल तिथपर्यंत गेला की त्याचा शेंडा दाबला जातो. तो दाबलेला शेंडा म्हणजेच आपण ज्याला फाटलेला आवाज म्हणतो तो. आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हचं उदाहरण घे, १९७९ चं टीएस ८०८ असो की नंतरचं टीएस ९, त्यात ड्राइव्हचा, म्हणजे किती फाडायचं ते ठरवणारा नॉब शून्यावर ठेवलास तरी तो टप्पा सिग्नल साधारण १२ पट करतो आणि पूर्ण फिरवलास की ११८ पटीच्या आसपास जातो. म्हणून शून्यावरसुद्धा ते पूर्ण क्लीन नसतं, जोरात पिक मारलास की डायोडला लागतंच, हळू वाजवलंस की त्याच्या खाली राहतं. सगळा खेळ या "लागतंय की नाही लागत" च्या सीमेवर आहे, आणि ती सीमा तुझ्या बोटात आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबमध्ये आहे.

टेस्ट सुरू करायच्या आधी लेव्हल जुळव. हे जवळजवळ कोणी करत नाही आणि इथेच सगळे फसतात. आपल्या कानाला जे थोडं जोरात ते जास्त चांगलं वाटतं, त्यामुळे पेडल दाबल्यावर आवाज वाढला की "वा, काय टोन आहे" असं होतं, आणि खरं तर टोन तसाच असतो, फक्त व्हॉल्यूम वाढलेला असतो. पेडल चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच वाटेल असा लेव्हलचा नॉब लाव, आणि हे कानाने कर, मिक्सरच्या लाइटवर जाऊ नकोस, कारण ओव्हरड्राइव्ह शेंडे दाबतं म्हणून लाइट सारखे दिसले तरी पेडलचा आवाज कानाला मोठाच लागतो. मग घरातल्या कोणाला तरी पेडलवर पाय ठेवायला सांग आणि तू पाठ करून वाजव. माझा भाचा हे काम करतो, तो मनाला येईल तेव्हा दाबतो आणि मी चालू की बंद ते सांगतो, आणि त्यातलं चालू मला आवडतंय का ते वेगळं सांगतो. दोन पेडल्समधून निवडायचं असेल तर यासारखी दुसरी टेस्ट नाही.

कोणाकडे लूपर असेल तर मागून आण आणि पेडलच्या आधी लाव, एकदा वाजवून ठेवलंस की हात मोकळे, तेच वाजवणं पुन्हा पुन्हा पेडलमधून जातं आणि तू निवांत नॉब फिरवत ऐकू शकतोस. पण फोनवर रेकॉर्ड करून निकाल लावू नकोस, फोन हळू आवाज आपोआप वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो, म्हणजे नेमकं आपल्याला जे तपासायचंय तेच तो पुसून टाकतो.

आता मुख्य टेस्ट. ड्राइव्ह निम्म्यावर ठेव, गिटारचा व्हॉल्यूम १० वर. एक कॉर्ड मार, पूर्ण विरेपर्यंत ऐक. मग व्हॉल्यूम ७ वर आण, तीच कॉर्ड. मग ४ वर. चांगल्या पेडलमध्ये १० वर ते गरजतं, ७ वर कडा थोडी खरबरीत राहते, ४ वर जवळजवळ क्लीन होतं, आणि तिन्ही ठिकाणी आवाज तुझाच वाटतो. वाईट पेडलमध्ये दोन गोष्टी होतात, एकतर ४ वर आलं तरी तीच घरघर राहते फक्त बारीक होते, नाहीतर क्लीन होतं पण तोंडात कापूस धरून बोलल्यासारखं बोथट होतं. हा बोथटपणा मात्र दर वेळी पेडलचा नसतो, गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की वरचे स्वर जातातच, ते वाचवायला व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे नॉबच्या खालच्या भागावर, छोटा कपॅसिटर लावतात, ६८० ते १००० पिकोफॅरडचा, काही रुपयांचं काम आहे, सोल्डरिंग येणारा कोणीही पंधरा मिनिटांत करून देईल. आधी ते कर आणि मगच पेडलवर निकाल दे.

हीच टेस्ट व्हॉल्यूम न हलवता नुसत्या हातानेही कर. अंगठ्याने हळू, मग पिकने मध्यम, मग जोरात. तीन हातांचे तीन आवाज आले पाहिजेत.

आता एकेक स्टाइल. ब्लूज आणि जुनं रॉक यात मी जास्त वेळ घालवणार नाही, कारण जगातलं प्रत्येक ओव्हरड्राइव्ह त्यासाठीच बनलंय आणि प्रत्येक डेमोमध्ये तेच वाजवतात. अमेरिकेचा ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे वॉन ट्यूब स्क्रीमर वापरायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या मागे जोरात चाललेले ट्यूब अँप होते आणि पेडल त्यांना फक्त पुढे ढकलत होतं हे सांगायचं राहून जातं. तुझ्याकडे ते अँप नाहीत.

हिंदी गाण्यांत बघायचं ते कॉर्डकडे. रॉकमध्ये पॉवर कॉर्ड असते, सा आणि प, दोघांच्या कंपनांचं नातं ३:२ असं सरळ, त्यामुळे फाटल्यावरही ती एकसंध राहते. हिंदी गाण्यात मेजर सेव्हन, मायनर सेव्हन, डिमिनिश्ड सगळं येतं, आणि दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजेचे-वजाबाकीचे नवीनच सूर तयार होतात जे कॉर्डमध्ये नसतात, तोच तो चिखल. म्हणून टेस्टला साधी मेजर कॉर्ड पूर्ण सहा तारांवर धर आणि ऐक त्यातला गंधार स्वच्छ ऐकू येतो का. मग मायनर सेव्हन. ज्या पेडलवर ड्राइव्हचा नॉब घड्याळातल्या ९ च्या जागी ठेवून मायनर सेव्हनमधले चारही स्वर वेगवेगळे मोजता येतात ते ऑर्केस्ट्राला चालतं. आणि एक सांगतो, गिटारचा मेजर गंधार कानाला सुरेल लागणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढा असतो, क्लीनमध्ये ते खपून जातं, फाटलं की लगेच घरघर करतं. ई मेजरच्या आकारातली कॉर्ड असेल तर तिसरी तार केसभर उतरवून बघ, घरघर निम्मी होते. पेडलला दोष द्यायच्या आधी ही एक गोष्ट नक्की कर.

लावणीत गिटारला जागा ओळींच्या मध्ये मिळते, दोन-चार मात्रांचं एक वळण, त्यात मुरकी, खटका, हॅमर-ऑन. इथे ओव्हरड्राइव्ह फार गोड मदत करतं, कारण ते शेंडे दाबून सगळे स्वर एका पातळीवर आणतं, मग पिक न मारता नुसत्या बोटाने काढलेला स्वरही पिक मारलेल्याइतकाच ऐकू येतो. टेस्ट अशी, की एका पिकवर पाच स्वरांची मुरकी घे, शेवटचा स्वर पोचतो का बघ. आणि एक मींड, सा वरून रे पर्यंत तार हळू ओढ, दोन-तीन सेकंद घे, रे वर पोचून थांब. तिथे स्वर उभा राहिला तर पेडल चांगलं, तिथे पोचता पोचता फुसकन विझला किंवा शेवटी तुटक तुटक खरखर झाली तर ते पेडल ठेवू नकोस. स्वराचा शेवट कसा मरतो हे मी कुठल्याही पेडलमध्ये सगळ्यात आधी ऐकतो.

कोळीगीतं याच्या बरोबर उलट. तिथे गिटारचं काम ढोलकीचं, तारा दाबून चक-चक मारायचं, आणि तेच शेंडे दाबणं इथे नडतं, पिकचा टणका जातो आणि चक-चकचा फस-फस होतो. ढोलकीवाल्याला शेजारी बसव, घरात नसेल तर फोनवर ठेका लाव, आणि पेडल चालू ठेवून दहा मिनिटं नुसती चॉप मार. ढोलकीच्या थापेत तुझा टणका बुडत असेल तर ड्राइव्ह कमी करून लेव्हल वाढव, तरीही बुडत असेल तर कोळीगीतात हे पेडल बंद. त्यात कमीपणा काही नाही.

भजनाचं वेगळंच आहे, ते जरा नीट समजून घे. ट्यूब स्क्रीमर साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं कमी फाडतं आणि वरचं टोकही मागे ओढतं, त्यामुळे मधला पट्टा पुढे येतो, बँडमध्ये ड्रम, बेस, कीबोर्डच्या गर्दीतून गिटार वर काढायला तो वरदान आहे. पण भजनात हार्मोनियम आणि बुवांचा आवाज त्याच मधल्या पट्ट्यात बसलेला असतो, तिथे तू मध्ये घुसलास की कोणालाच कोणी ऐकू येत नाही. तिथे मोकळं, सपाट वाटणारं ओव्हरड्राइव्ह बरं, बॉस कंपनीच्या १९९५ च्या ब्लूज ड्रायव्हर पेडलच्या जातीचं, तेही व्हॉल्यूम ४ वर. टेस्ट करायची तर हार्मोनियमवाल्याला मध्य सप्तकात सा-प धरून ठेवायला सांग आणि त्यावर वाजव. दुसरी माझी आवडती टेस्ट, एक मोकळी तार सा ला लावून सतत छेडत राहा आणि शेजारच्या तारेवर सरगम वाजव. प ला सगळं शांत, म ला ठीक, ग ला घुरघुर, कोमल रे ला भांडण. प्रत्येक पेडल या ठिकाणी वेगळं वागतं आणि पाच मिनिटांत त्याचा स्वभाव कळतो.

हे मी एका बेंजोवाल्याकडून शिकलो. गणपती विसर्जनाची मिरवणूक होती, त्याने माझं पेडल मागितलं आणि बेंजोला लावलं, बेंजोला मुख्य तारांबरोबर बाजूच्या नुसत्या सुराच्या तारा असतात, त्या सगळ्या मिळून असा कल्लोळ झाला की धून कुठली ते कळेना. त्याने नॉबला हातच लावला नाही. खिशातला रुमाल काढला, घडी करून बाजूच्या तारांखाली सरकवला, त्या मुक्या केल्या, आणि मग जी धून निघाली ती पुढच्या वळणापर्यंत स्वच्छ ऐकू येत होती. मला म्हणाला, "आवाज फाटता, पण आता गोड फाटता." तेव्हापासून मी नॉब फिरवायच्या आधी कुठली तार विनाकारण वाजतेय ते बघतो, तूही बघ, डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी नको असलेल्या तारा दाबून धरल्या की निम्मं पेडल सुधारतं.

मेटल वाजवत असशील तर ओव्हरड्राइव्हकडून फाटण्याची अपेक्षाच ठेवू नको, तिथे ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, आणि पुढे मोठ्या गेनचा अँप किंवा मल्टी-इफेक्टमधलं अँप मॉडेल. गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झला वाजते, तिथला फुगवटा पेडल आधीच छाटतं म्हणून पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तारा दाबून मारलेले ठोके, घट्ट बसतात. नुसतं ओव्हरड्राइव्ह मिक्सरला लावून मेटल होत नाही.

आणि मिक्सर म्हटलं की तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गिटारच्या अँपमधला १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही, फाटलेल्या आवाजातला सगळा काटेरी भाग तोच गिळतो. पीएचे टॉप मात्र ते सगळं इमानदारीत लोकांच्या कानावर फेकतात. म्हणून मधे कॅब सिम, म्हणजे अँपच्या स्पीकरची नक्कल करणारं यंत्र, लागतंच, वेगळं घे नाहीतर जुन्या झूमसारख्या मल्टी-इफेक्टमधलं फक्त तेवढंच चालू ठेव. काहीच नसेल तर साउंडवाल्या भाऊंना सांगून तुझ्या चॅनलचा हायचा नॉब बराच खाली घे, अगदी तसंच होत नाही पण चरचराट जातो. मी सांगितलेल्या सगळ्या टेस्ट कॅब सिम लावूनच कर, नाहीतर चांगलं पेडलही नापास करशील.

करंटचंही तपास. बहुतेक ओव्हरड्राइव्ह ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह. स्वस्त अ‍ॅडॉप्टरवर आणि जनरेटरवर भणभण येते, अशा वेळी पेडल बॅटरीवर लावून बघ, भणभण गेली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा. जत्रेच्या मांडवात अर्थिंग बरेचदा नसतं, तुझ्या तारा केबलमधून मिक्सरच्या बॉडीला जोडलेल्या असतात, त्यामुळे कोरस गाणार असशील तर माइकला ओठ लावायच्या आधी माइकच्या जाळीवर आणि गिटारच्या तारांवर टेस्टर धरून बघ आणि लाइट लागला तर गिटार काढून ठेव, गाणं राहिलं तरी चालेल. यावर मी कोणाचं काही ऐकून घेत नाही.

आपली हवा पेडलला सोसत नाही. समुद्राजवळ जॅकवर हिरवा थर चढतो, जून ते सप्टेंबर पेडल तसंच पडून राहिलं की नॉब फिरवताना खरखर होते. सेकंडहँड घेताना प्रत्येक नॉब सिग्नल चालू ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव, स्विच वीस वेळा दाब, जॅक घालून हलव. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, सैल जॅक बदलता येतो, पण दोन्ही असेल तर भाव पाड. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलची पाकिटं घालून ठेव, माझी पेडल्स मी मिठाच्या हवेत अशीच टिकवलीत.

तर तुझ्यासाठी काय घ्यायचं. तुझ्या पाच स्टाइलपैकी तीन गर्दीतल्या आहेत, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी सगळं असतं, त्यामुळे मी मधला पट्टा पुढे काढणारं घेईन, ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं किंवा बॉसचं एसडी १, १९८१ पासून चालू आहे, त्याचे डायोड दोन्ही बाजूंना सारखे नाहीत म्हणून थोडं वेगळं खरबरतं, मला लावणीत ते आवडतं. भजन जास्त असतील तर ब्लूज ड्रायव्हर. पण माझी आवड बाजूला ठेव, मींडचा शेवट आणि ४ वरचा व्हॉल्यूम या दोन टेस्टमध्ये जे पास होईल ते घे, नाव कुठलंही असो.

घेतल्यावर प्रॅक्टिसमध्ये प्रत्येक स्टाइलला नॉब कुठे बसले ते पेडलवरच पांढऱ्या मार्करने छोट्या रेघा मारून ठेव, लावणीची एक, रॉकची एक. रात्री दोन वाजता रंगीत लाइटमध्ये वाकून बघताना त्या रेघाच दिसतात.